यंत्राचा घसारा सरकारच्या खाती, माणसाचा कोणाच्या?

वाचकहो, आमच्या शाळेत चौथीच्या वर्गात नफा-तोट्याची गणिते घालतो तेव्हा मुले एक प्रश्न हमखास विचारतात: "गुरुजी, तोटा झाला तर तो कोणाचा?" आम्ही सांगतो, ज्याने माल घेतला त्याचा. पुस्तकातले उत्तर तेच आहे. पण इचलकरंजीच्या पेठेत आणि दिल्लीच्या दरबारात हे उत्तर चालत नाही, हे आम्हांला पंचेचाळिशी गाठल्यावर कळले. तेथे भांडवलवाल्याने विलायतेहून यंत्र आणले तर त्याच्या किमतीचा वाटा सरकार उचलते, आणि त्याच यंत्रामुळे ज्याचा रोजगार गेला त्याचा तोटा मात्र सर्वस्वी त्याचा एकट्याचा. हे कसे घडते ते आज सांगावयाचे आहे. आम्ही काही सनदी हिशेबनीस नव्हे. मराठी अध्यापक विद्यालयात शिकून प्राथमिक शाळेत खडू झिजविणारे मास्तर आहोत. पण त्रैराशिक व शेकडेवारी आम्हांला येते, आणि या प्रकरणात त्याहून जास्त विद्या लागत नाही. लागते असे भासविण्यात मात्र बऱ्याच जणांचे हित आहे.

प्रथम हकीकत. आमच्या वर्गातील एका मुलीची आई रोज सकाळी गावच्या फाट्यावरून इचलकरंजीला एका कारखान्यात कांडी मशीनवर कामाला जात असे. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: साध्या यंत्रमागात धोटा असतो, धोट्यात कांडी असते, कांडीवर बाण्याचे सूत गुंडाळलेले असते. माग चालतो तशी कांडी रिकामी होते, म्हणून कोणीतरी बसून सतत कांड्या भरीत राहावे लागते. हे काम बहुतकरून बायका करतात. मजुरी थोडी, पाठ व डोळे यांचा सत्यानाश, पण घर चालते. गेल्या खेपेस मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही म्हणून आम्ही घरी गेलो. "का हो ताई, पोरगी आजारी आहे काय?" असे विचारले. बाई म्हणाली, "न्हाई गुरुजी, मीच घरात हाय. मालकानं भाईरच्या देशातलं माग आणल्यात. त्याला धोटा न्हाई, कांडी न्हाई, काय सुदीक लागत न्हाई. आमा सा जणींला घरला लावलंय. आता पोरीला घिऊन भांगलायला जातुया."

बाईचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. रेपियर आणि एअरजेट जातीच्या बिनधोट्याच्या मागात बाण्याचे सूत थेट कोनावरून जाते. कांडी भरण्याचा धंदाच तेथे संपतो. शिवाय साध्या मागाच्या कित्येक पट कापड निघते आणि एक कामगार जास्त माग सांभाळतो. मग विणकर कमी, जॉबर कमी, आणि कांडीवाली तर मुळीच नाही.

आता दुसरी हकीकत. १ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्र सरकारचा अर्थसंकल्प मांडला गेला. त्यात बिनधोट्याच्या मागांच्या आणखी दोन जातींवरील आयात जकात शेकडा साडेसातवरून शून्यावर आणली. त्या दोन जाती कोणत्या? ठराविक वेगापर्यंतचे रेपियर आणि एअरजेट. बाई घरी बसल्या आणि जकात शून्य झाली, या दोन गोष्टींचा संबंध एकास एक आहे असे आम्ही म्हणत नाही. तो कारखानदार जकात असतानाही माग आणीत होता. पण सरकारची मान कोणीकडे वळलेली आहे ते यावरून दिसते.

जकात ही तर नुसती देवडी. खरा वाडा आत आहे, आणि त्याचे नाव आयकर. आयकराच्या कायद्यात 'घसारा' म्हणून एक बाब आहे. यंत्र वापरले की झिजते, म्हणून दरसाल त्याच्या किमतीचा काही भाग नफ्यातून वजा धरावयाचा आणि उरलेल्या नफ्यावर कर द्यावयाचा. हे तत्त्व आम्हांला मान्य आहे. बैल म्हातारा होतो, मोट फाटते, लोखंड गंजते. जे खरोखर झिजते ते खर्चात धरू नये असे कोणता शहाणा म्हणेल? १९६१ च्या आयकर कायद्यात सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर शेकडा पंधरा घसारा ठेवलेला होता. पण गोष्ट तेथे थांबली नाही. माल तयार करणाऱ्या कारखान्याने नवे यंत्र बसविले तर पहिल्या साली आणखी शेकडा वीस 'ज्यादा घसारा' मिळे. म्हणजे पहिल्याच वर्षी पस्तीस. वाचकहो, कोणते यंत्र एका सालात तिसऱ्या हिश्शाहून जास्त झिजते? ही झीज नव्हे, झिजेच्या नावाने दिलेले उत्तेजन आहे, आणि ते उत्तेजन आहे असे छातीठोकपणे सांगितले असते तर निदान भाषेचा तरी मान राहिला असता.

गणित घालून पाहू. एका भागीदारी पेढीने एक कोटीचे माग आणले. पहिल्या साली पस्तीस लाख नफ्यातून वजा. पेढीच्या कराचा दर शेकडा तीस धरला, अधिभार व उपकर बाजूस ठेवले, तर साडेदहा लाख कर वाचला. उरली किंमत पासष्ट लाख. दुसऱ्या साली तिच्यावर पंधरा टक्के, म्हणजे पावणेदहा लाख वजा, वाचलेला कर दोन लाख ब्याण्णव हजार पाचशे. दोन सालांत साडेतेरा लाखांच्या घरात रक्कम सरकारी तिजोरीत यावयाची राहिली. पुढेही दरसाल राहत जाणार. शेवटी जवळजवळ पुरी किंमत वजा झाली म्हणजे कोटीच्या यंत्रापैकी तीस लाखांचा भार तुम्ही आम्ही सर्वांनी मिळून उचलला. कोणी म्हणेल, ज्यादा घसाऱ्याने एकूण वजावट वाढत नाही, फक्त लवकर मिळते. बरोबर आहे. पण आज मिळालेले साडेदहा लाख आणि दहा वर्षांत तुकड्यातुकड्यांनी मिळणारे साडेदहा लाख एकच, असे ज्याला वाटते त्याने कोणत्याही पतसंस्थेच्या दारात उभे राहून व्याजाचा तक्ता वाचावा. त्यातून, नफा नसला तर ही वजावट बुडत नाही. न वापरलेला घसारा पुढच्या सालांवर कितीही काळ ओढून नेता येतो. धंद्यातील इतर तोट्याला आठ वर्षांची मुदत, घसाऱ्याला मुदतच नाही!

आणि पूर्वी तर एकूण वजावटही वाढत असे. १९५५ साली 'विकास सूट' नावाची एक सवलत आली. नव्या यंत्राच्या किमतीवर शेकडा पंचवीस सूट, आणि ती घसाऱ्याच्या हिशेबात न धरता वरकड. म्हणजे शंभराच्या यंत्रावर सव्वाशे वजा. शाळेत एखाद्या मुलाने शंभरातून सव्वाशे वजा केले तर आम्ही त्याला बाकावर उभे करतो. ती सूट १९७०-८० च्या दशकात बंद झाली, तोच १९७६ साली 'गुंतवणूक भत्ता' आला, तोही पंचवीस टक्के, तोही वरकड. पुढे तोही गेला. नंतर २०१३ साली पुन्हा नव्या नावाने पंधरा टक्के आले, आणि यावेळी अट पाहा: नव्या यंत्रात शंभर कोटींहून अधिक रक्कम घालणाऱ्या कंपनीलाच! २०१४ साली ती मर्यादा पंचवीस कोटींवर आणली आणि त्यास गरिबांकडे वळलेले पाऊल समजावयाचे. पंचवीस कोटींचा यंत्रमागवाला आमच्या पंचक्रोशीत कोणी असेल तर त्याने हात वर करावा.

या सर्व सवलतींच्या अटी आम्ही बसून वाचल्या, आणि एका ठिकाणी वाचता वाचता थांबलो. १९६१ च्या कायद्यातील विकास सुटीला अट होती की, यंत्र आठ वर्षांच्या आत विकता कामा नये. २०१३ च्या सवलतीत ती मुदत पाच वर्षे होती. विकले तर सवलत परत. म्हणजे सरकारला अट घालता येते, मुदत ठरविता येते, मोडली तर वसूलही करता येते. मग त्याच कलमात आणखी एक ओळ का लिहिता आली नाही की, या यंत्रामुळे जी माणसे कमी होतील त्यांना दुसरे काम शिकवावे, किंवा अमुक इतके दिवस कामावर ठेवावे? यंत्राला पाच वर्षे नोकरीची शाश्वती आणि कांडीवालीला शनिवारच्या पगारापर्यंतचीही नाही! नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी १८९० साली आठवड्याची सुटी मिळविली, ती माणसाचे अंग झिजते एवढे कबूल करून घेण्यासाठी. ते कबूल करावयास मालकांना किती जिवावर आले होते! लोखंडाची झीज मात्र न मागता, न झगडता कायद्यात लिहिली गेली.

आता बाहेरदेशच्या यंत्राचा खास लाड सांगतो. ६ जून १९६६ रोजी सरकारने रुपयाची किंमत उतरविली. चार रुपये शहात्तर पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. ज्याने एक लाख डॉलरचे यंत्र उधारीवर आणले होते त्याला पावणेपाच लाखांऐवजी साडेसात लाख फेडणे आले. कारखानदारांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, आणि ते पाणी दिल्लीस दिसले. १९६७ साली आयकर कायद्यात ४३अ हे कलम घातले गेले. परदेशातून आणलेल्या यंत्राचे देणे चलनाच्या भावाने वाढले तर ती वाढ यंत्राच्या किमतीत मिळवावी आणि तिच्यावरही घसारा घ्यावा, असा त्याचा मथितार्थ. भाव उलट फिरला तर किंमत कमीही करावी लागते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण १९६६ पासून, १९९१ च्या जुलैतील दोन घसरणी धरून, रुपया बहुतेक एकाच दिशेला चालला आहे. तेव्हा हे कलम कोणाच्या उपयोगी पडत आले ते सांगावयास ज्योतिषी नको.

रुपया पडला की आमच्याही घरात काही पडते. डिझेलचे कच्चे तेल बहुतेक बाहेरून, खाण्याचे तेल निम्म्याहून अधिक बाहेरून, पालाशयुक्त खत बाहेरून. खतावर सरकार अनुदान देते, ते आम्ही नाकारीत नाही. परंतु भांगलणीला जाणाऱ्या बाईच्या तेलाचा पुडा चलनाच्या भावाने महागला तर तिच्यासाठी कोणत्या कायद्यात कोणते 'अ' कलम आहे? वर त्या पुड्यावर पाच टक्के कर ती रोख भरते. तिच्या हिशेबात वजावट नाही, पुढच्या सालावर ओढणे नाही, काही नाही.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, सवलत तर सर्वांना खुली आहे, लहान यंत्रमागवाल्याने घ्यावी, त्याला कोणी अडविले? हा आक्षेप आम्ही पुष्कळ ऐकला आहे. ज्याच्या परसात विहीरच नाही त्याला 'रहाट फुकट' असे सांगण्यातला हा प्रकार. इचलकरंजीचा खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याचे सूत आणून मजुरीने कापड विणून देणारा, चार-आठ जुन्या मागांचा धनी. तो माग घेतो तोच दुसऱ्याने वापरलेला. आणि वापरलेल्या यंत्रावर ज्यादा घसारा नाही. त्याने ढोबळ नफ्याची सोपी पद्धत धरली तर कायदा म्हणतो की, घसारा तुझ्या नफ्यात धरूनच टाकला आहे, वेगळा मागू नको. त्याचे उत्पन्न बहुधा करास पात्रच नसते, तेव्हा करातली सूट त्याच्या काय कामाची? मोठा नोंदणीदार आयात मागावर सीमेवर भरलेला वस्तू व सेवा कर आपल्या पुढील करातून वळता करून घेतो. हा नोंदणीच्या मर्यादेखालचा लहान माणूस धोटा घेतो, पिकर घेतो, पट्टा घेतो, आणि त्या प्रत्येकावरचा कर त्याच्या अंगावर राहतो. साध्या मागांना सुधारणेचे जोड बसविण्यास २०१७ च्या पॉवरटेक्स योजनेत मागामागे काही हजार मिळत, हे खरे. त्याच सुमारास मोठ्यांच्या बिनधोट्याच्या मागांना भांडवली अनुदानाची वेगळी योजना २०१६ ते २०२२ चालू होती, आणि तेथे हजारांचा नव्हे, लाखांचा हिशेब होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा की, जगात कापडाची चढाओढ आहे, जुने माग धरून बसाल तर चीन व बांगलादेश तुम्हांला गिळतील, मग कांडीवालीही जाईल आणि मालकही जाईल. यात तथ्य आहे. यंत्र फोडा असे आम्ही म्हणत नाही, आणि म्हणणाऱ्याच्या मागे जाणार नाही. कांडी भरण्यात कोणा बाईच्या जन्माचे सोने होत नव्हते. यंत्राने ते कष्ट वाचविले तर त्याचे स्वागतच. पण कष्ट वाचले आणि पोटही वाचले नाही, तर वाचले ते कोणाचे? सवलत जर सर्वांच्या तिजोरीतून द्यावयाची तर नव्या यंत्राच्या लाभात सर्वांचा हिस्सा मागणे हे भिक्षा मागणे नव्हे.

तिसरे उत्तर सरकारी आहे. ते म्हणतात, आम्ही माणसासाठीही सवलत ठेवली आहे. ठेवली आहे खरी. २०१६ साली बदललेल्या कलमाप्रमाणे नवे कामगार ठेवणाऱ्यास त्यांच्या पगाराची वाढीव तीस टक्के वजावट तीन वर्षे मिळू लागली. अट अशी की, पगार दरमहा पंचवीस हजारांच्या आत असावा, तो बँकेतून द्यावा, कामगार भविष्य निर्वाह निधीत असावा, सालात ठराविक दिवस भरलेले असावेत. अटी चांगल्या आहेत. पण ज्या शेडमध्ये दिवाणजी शनिवारी वहीवर सही घेऊन रोख पगार वाटतो तेथे हे कलम पोचतच नाही. शिवाय ते नवा माणूस ठेवल्याबद्दल आहे, जुना न काढल्याबद्दल नाही. यंत्राच्या सवलतीला मात्र दिवाणजीची वही आड येत नाही. एक आयातीची पावती पुरे.

याच संदर्भात देशी यंत्र घडविणाऱ्याचीही आठवण ठेवली पाहिजे. इचलकरंजी आणि कोल्हापूर येथे ओतकामाचे व सुट्या भागांचे कारखाने पिढ्यानपिढ्या चालत आले. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी चालविला. पुढे याच भागातील लोहारा-सुताराच्या पोरांनी बाहेरचे माग उघडून, जोडून, बिघडवून, पुन्हा जोडून विद्या मिळविली. बाहेरच्या मागाला जकात शून्य, त्याच्या चलनाच्या तोट्याला कलम, निर्यातीची हमी दिली तर १९९० पासून चाललेल्या भांडवली मालाच्या योजनेतून आणखी माफी. मग आमचा कारागीर नवा माग घडविण्याच्या भानगडीत कशाला पडेल? तो आता बाहेरच्या मागाचे सुटे भाग झिजले की बदलून देतो.

आणखी एक खुलासा करतो, नाहीतर कोणी हिशेबनीस आम्हांला चुकीचे ठरवील. २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपन्यांचा कर बावीस टक्क्यांवर आणला, नव्या कारखानदार कंपन्यांचा पंधरावर, आणि त्या बदल्यात ज्यादा घसाऱ्यासारख्या सवलती सोडावयास सांगितल्या. म्हणून ज्या कंपन्यांनी हा मार्ग धरला त्यांना ज्यादा घसारा नाही. साधा घसारा आणि चलनफरकाचे कलम त्यांनाही राहिले. त्या एका निर्णयाने सालीना एक लाख पंचेचाळीस हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, असे सरकारने स्वतःच तेव्हा सांगितले होते. आता १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख घेऊन २०२५ चा नवा आयकर कायदा झाला आहे. भाषा सोपी केली, कलमांचे आकडे बदलले. यंत्राची झीज तेथेही आहे. माणसाची आम्ही शोधली, सापडली नाही.

आमचे मागणे फार नाही. यंत्रावरील जी सवलत खऱ्या झिजेहून जास्त असेल ती, त्या कारखान्यात किती माणसे राहिली आणि कितींना नवे काम शिकविले, यावर बांधा. यंत्र विकल्यास सवलत परत घेता, तसे माणसे काढल्यास घ्या. देशात घडविलेल्या मागाला बाहेरच्यापेक्षा उणे वागवू नका. आणि खर्चीवाल्याला करातली सूट नको, रोख मदत द्या, कारण त्याच्यापाशी सूट घेण्याइतका करच नाही. अर्थसंकल्पासोबत सोडलेल्या कराचे एक विवरण छापले जाते. कंपन्यांच्या खात्यात जलद घसारा ही त्यातील मोठ्या बाबींपैकी एक असे. ते विवरण मराठीत काढून तालुक्याच्या गावी चावडीवर लावावे, म्हणजे वस्तीतल्या बायांनाही वाचून दाखविता येईल. वाचून दाखविण्याचे काम आम्ही फुकट करू.

आमचे आकडे कोणास चुकीचे वाटत असतील तर त्याने याच पत्रात खुशाल लिहावे. जेथे चूक ठरेल तेथे आम्ही कबुली देऊ. ती मुलगी परवापासून शाळेत येत आहे. तिची आई आठवड्यातून तीन दिवस भांगलणीस जाते, बाकीचे दिवस काम मिळेल तेथे. मुलीची शेकडेवारीची गणिते चुकतात, कारण मधले आठ दिवस गेले आहेत. ती पुन्हा घ्यावयाची आहेत.

— एक शाळामास्तर